ओठांवरचे सदतीस शब्द

धोट्याला कारखान्यात त्याच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे, आणि मारली असती तरी ती पोचली नसती. शेडमध्ये ऐंशी माग एकदम चालत. पहिल्या दिवशी आत शिरलेला माणूस दोन्ही हातांनी कान दाबून धरतो, आठवड्याभरानं हात खाली घेतो आणि वर्षभरात विसरूनच जातो की इथं काही आवाज आहे. धोट्याला त्या शेडमध्ये सोळा वर्षं झाली होती. आठ माग त्याच्या हवाली होते आणि त्या आठांमध्ये तो दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत असे, मागातला धोटा सूत घेऊन धावतो तसा. नाव तिथूनच पडलं.

शेडमध्ये बोलायची रीत वेगळी. आवाज काढायचा नाही, कारण काढून उपयोग काय? ओठ मोठे करून शब्द सावकाश तोंडात घडवायचा आणि समोरच्यानं तो बघायचा. जोडीला हाताच्या खुणा. दोन बोटांची कात्री केली की तार तुटली, मूठ आवळली की माग बंद कर, अंगठा तोंडाकडे नेला की चहा. या बोलण्यात धोट्या पटाईत होता. मुकादम काचेच्या केबिनमध्ये फोनवर कोणापुढे कसा गयावया करतोय, हे तो बाहेर उभ्या उभ्या ओठांवरून वाचून सगळ्यांना सांगायचा आणि आठ-दहा माणसं पोट धरून हसायची, तीसुद्धा आवाज न करता.

त्याला स्वतःला कमी ऐकू येतं हे त्याला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात ‘बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती’ असं म्हणायची सोय नाही. कारखान्यात वर्षातून एकदा कान तपासायला एक माणूस यंत्र घेऊन यायचा. कानावर डबडं चढवायचं, आवाज आला की बोट वर करायचं. धोट्यानं दुसऱ्या वर्षीच हेरलं होतं की बटण दाबताना त्या माणसाचा उजवा खांदा किंचित हलतो. खांदा हलला की बोट वर. दर वर्षी पास! ज्यांचे कान गेले त्यांना मागावरून काढून सुताच्या गोदामात गठ्ठे उचलायला लावत, आणि गोदामात गेलेला माणूस परत मागावर आलेला कोणी पाहिला नव्हता. सोळा वर्षं आठ माग सांभाळणाऱ्याला गठ्ठे उचलायला लावणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालण्यासारखंच, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. नाक इतकं इवलं की धोट्यानं पहिल्याच दिवशी तिला बटण म्हणून टाकलं आणि ते चिकटलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं की मुलीच्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्त आहे, एकविसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन आहेत. धोट्याला ते आपल्या पद्धतीनं कळलं. ताण्यात, म्हणजे उभ्या सुतात, एक तार जादा भरली गेली की कापड काही फाटत नाही, पण वीण बदलते, आणि ती तार मागाहून उपटून काढता येत नाही. त्यानं बायकोला तसंच समजावलं. ती लाँड्रीत काम करायची, दिवसाकाठी पाचशे चादरींना इस्त्री. ती म्हणाली, “मला कापडाचं नका सांगू. ती बोलेल का?”

“उशिरा,” डॉक्टर म्हणाले होते. बसेल उशिरा, चालेल उशिरा, बोलेल त्याहून उशिरा. पण सगळं करेल, आपण मागे लागलो तर. आणि जाता जाता आणखी एक गोष्ट बजावली होती. या मुलांच्या कानाच्या वाटा अरुंद असतात, पडद्यामागं पाणी साठून राहतं, दुखतही नाही आणि कळतही नाही. आत्ताची तपासणी चांगली आली असली तरी दर सहा महिन्यांनी कान दाखवायचे, विसरायचं नाही. हे सांगताना डॉक्टरांनी मास्क पुन्हा तोंडावर चढवला होता. बायकोनं ऐकलं आणि मान हलवली. धोट्यानंही मान हलवली.

मुलगी मोठी होऊ लागली तसं घराचं वेळापत्रक बसलं. धोट्याची पाळी पहाटे पाच ते एक, बायकोची दोन ते रात्री दहा. सकाळ आईची, दुपार आणि संध्याकाळ बापाची. नवरा-बायको भेटत ते दारात, एकानं चपला घालायच्या आणि दुसऱ्यानं काढायच्या. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलून घ्यायचं: दूध संपलंय, ताप नाही, केळं खाल्लं. सव्वा वर्षाची असताना बटण सकाळी उठल्या उठल्या ‘बाबाबा’, ‘मामामा’ असा गजर लावायची. बायको दारात हसत सांगायची, “आज सकाळपासून नुसतं भाषण चालू होतं हो!” मग हिवाळ्यात बटणला सर्दी झाली, ताप आला, गेला, पुन्हा आला. वसंत आला तसं बायकोनं भाषणाचं सांगणं बंद केलं. आपण नेमकं काय सांगायचं सोडलं हे तिच्याही पटकन लक्षात आलं नाही.

पावणेदोन वर्षांची झाल्यावर तिला केंद्रात नेऊ लागले. तिथं अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, नाकावर चष्मा आणि हातात सतत एक कापडी ससा. त्या पालकांना ‘आई’ आणि ‘बाबा’ म्हणूनच हाक मारत. बटणला दुपारी नेणारा धोट्याच, त्यामुळं बाईंचं सगळं बोलणं ‘बाबां’शी होई.

“बाबा, हिला आपण बोलतो ते पुष्कळ कळतं. कळणं पुढं असतं, जीभ मागून येते. तोपर्यंत तिला हाताच्या खुणा द्या. खुणांनी मूल मुकं होत नाही, उलट शब्दाला वाट मिळते. फक्त खूण करताना शब्द तोंडानं म्हणायचा. दर वेळी, ऐकू जाईल असा. आणि ती स्वतःहून जो शब्द म्हणेल तो वहीत लिहायचा.”

खुणा! धोट्या हरखला. सोळा वर्षांची विद्या आयतीच कामाला आली. बाईंनी पंधरा दिवसांत चार खुणा शिकवायला सांगितल्या होत्या. त्यानं नऊ शिकवल्या. शेडमधल्या काही, घरच्या काही. बटण हुशार होती, हातांकडे आणि तोंडाकडे अशी टक लावून बघायची की समोरच्यालाच आपण काही चुकलो की काय असं वाटावं. महिन्याभरात तिनं पहिला शब्द म्हटला: पाणी. ओठ मिटले, उघडले, जीभ वर लागली. धोट्यानं तो लख्ख वाचला. त्यानं मुलीला उचलून छताला लावलं आणि वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं, पाणी, तारीख, वेळ दुपारी तीन.

त्याला तिचा आवाज आला नव्हता. पण त्याला कोणाचाच आवाज धड येत नसे. कानात शेड घरीही चालूच असायची. लहान मुलाचा बारीक आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, यात नवल ते काय, असं त्यानं स्वतःशी म्हटलं आणि वही मिटली. खोट कुठं आहे हे ज्याला माहीत असतं तो दुसरीकडे शोधायला जात नाही, आणि धोट्याला आपली खोट चांगली माहीत होती.

मग शब्द भराभर येऊ लागले. दूध, बाबा, चेंडू, नको, दार, बूट, केळं. दर तीन महिन्यांनी केंद्रात एक छापील फॉर्म भरायचा असे आणि त्यात वरून चौथा प्रश्न होता: मूल आवाजाकडे वळते का? पहिल्या वेळी तो प्रश्न धोट्यानं दोनदा वाचला. हा प्रश्न आपल्याबद्दल नाही हे त्याला कळत होतं, तरी पेन जड झालं. घरी त्यानं मुलीच्या मागं उभं राहून फरशीवर पाय आपटून पाहिला होता आणि ती वळली होती. फरशी पायांनाही कळते, हे मागवाल्याला कोणी सांगायला नको होतं. शेडमधला प्रत्येक बहिरा कामगार माग बंद पडल्याचं तळपायांनीच ओळखतो. पण त्या वेळी त्याला ते आठवलं नाही म्हणा, किंवा त्यानं आठवू दिलं नाही म्हणा. ‘हो’पुढं खूण करून तो मोकळा झाला.

बाईंनी कान तपासायची चिठ्ठी दिली होती. पहिली म्हणे खिशात राहिली आणि पँटबरोबर धुतली गेली. बायको लाँड्रीत कामाला असलेल्या घरात ही थाप चांगली खपली. दुसरी घेऊन तो खरोखरच मोठ्या दवाखान्यात गेला, बटणला कडेवर घेऊन, तिसऱ्या मजल्यावर कानाच्या विभागापर्यंत. बाकावर त्याच्याच शेडमधला एक जुना मागवाला बसला होता, दोन वर्षांपूर्वी गोदामात गेलेला. त्यानं धोट्याला बघितलं आणि ओठांनीच विचारलं, “तुझा पण नंबर लागला?” धोट्या तसाच मागं फिरला. घरी सांगितलं, गर्दी होती; पुढं बायकोनं विचारलं तेव्हा, झालं म्हणाला. केंद्रात बाईंना जन्माच्या वेळचा रिपोर्ट दाखवला, “तपासलेत, मॅडम. पास आहे.” रिपोर्ट खरा होता. बाईंच्या दाराबाहेर अकरा मुलं ताटकळत होती. त्यांनी तारीख न बघता रिपोर्ट फायलीत लावला आणि हे त्या पुढं कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत राहणार होत्या.

कारखान्यात मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी घरच्यांना बोलावण्याची पद्धत होती. मधे एकदा धोट्या बटणला घेऊन गेला. शेडचं दार उघडलं की लहान मुलं भोकाड पसरतात, आईच्या पदरात तोंड खुपसतात, हे ठरलेलं. बटण दारात उभी राहिली, ऐंशी मागांकडे पाहिलं आणि हसली. हात पसरून दोन पावलं आतही गेली. सगळी शेड खूश! वीस हातांवरून एकानं तिला ओठांनी विचारलं, “काय पाहिजे?” बटणनं अंगठा तोंडाकडे नेला आणि ओठांनी म्हटलं, चहा. तमाम मागवाल्यांनी ते वाचलं. माणसं हसून हसून मागांवर रेलली, कोणी तिला उचललं, कोणी ओठांनी म्हणालं, “मागवाल्याची पोर! रक्तातच आहे!” धोट्याची छाती फुगली. बाविसावा शब्द, आणि एवढे साक्षीदार.

एकटा जॉबर हसला नाही. बिघडलेले माग दुरुस्त करणारा हा म्हातारा जॉबर फटकळ होता, पण मनाचा चांगला. तो हात पुसत बटणपाशी उकिडवा बसला, तिच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिला. मग धोट्याला बाहेर अंगणात नेऊन त्याच्या कानाशी ओरडला, “माझी पोर इथं आली तेव्हा किंचाळून किंचाळून निळी पडली होती.”

“माझी धीट आहे.”

“धीट पोर दचकते, मग थांबते. ही दचकलीच नाही रे.”

“तिला सवय आहे,” धोट्या म्हणाला. कशाची सवय, हे जॉबरनं विचारलं नाही. त्यानं नुसतं धोट्याकडे पाहिलं आणि धोट्यानं पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडावरून नजर काढून घेतली, पुढचं वाचावं लागू नये म्हणून.

त्यानंतर तो जास्तच जोमानं शब्द लिहू लागला. माणूस घाबरला की असंच करतो, ज्या फांदीचा भरवसा वाटत नाही तिलाच घट्ट धरतो. पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस. दुपारी घरात दोघांची नुसती धमाल चाले. चेंडू लपवायचा, सापडला की नाचायचं, मोजे हातात घालून त्यांची भांडणं लावायची. धोट्या बटणशी अखंड बोलत असे. निदान त्याला तरी तसंच वाटे. एके दिवशी शेजारीण जिन्यात भेटली आणि कौतुकानं म्हणाली, “तुमची लेक किती शहाणी हो! दुपारभर घरात असता दोघं, पण भिंतीपलीकडे एका शब्दाचा आवाज म्हणून येत नाही. आमच्याकडे बघा, नुसती दंगल.” धोट्यानं तिचे ओठ नीट वाचले, हसून मान डोलावली आणि वर येऊन दार लावलं. त्या दिवशी त्यानं एकदम तीन शब्द लिहिले.

आणि एका दुपारी, दारात चपला घालता घालता बायको थांबली.

“सकाळी माझ्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण पडलं. फरशीवर नव्हे, ओट्यावर. एवढ्यानं आपटलं की मीच ओरडले. हिनं वर बघितलंसुद्धा नाही.”

“खेळात रमली असेल.”

“अहो, ती माझ्याशी बोलत का नाही?” तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते. “वहीत एवढे शब्द आहेत. सगळे तुमच्याच वेळेत. सकाळी मी बोलून बोलून थकते, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघते. कधी ओठ हलवते, पण आवाज म्हणून नाही. मला वाटतं नळ चालू होता म्हणून माझ्याच कानावर आलं नसेल. मी काय चुकते ते तरी सांगा मला.”

इथं तो बोलला असता तर. इथं एवढंच म्हणाला असता, की अगं, मलाही तिचा आवाज येत नाही, पण मला तर कोणाचाच येत नाही, तुला येतो का? तेवढ्या एका प्रश्नानं सगळं उलगडलं असतं, आणि तो प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण त्याच्या पुढं गोदाम होतं. “तू काही चुकत नाहीस,” तो म्हणाला. “दमलेली असते सकाळची.” बायको पदरानं डोळे पुसून कामावर गेली. आपल्या लेकीला आपण आवडत नाही, असं वाटून घेऊन ती पाचशे चादरी इस्त्री करत राहिली.

केंद्रातल्या बाईंना मात्र आता चैन पडेना. वहीत पस्तीस शब्द आणि त्यांच्या खोलीत एकही नाही. “बाहेर लाजते, मॅडम. बघा, बघा, आत्ता म्हणाली, ससा!” धोट्या म्हणायचा. बाई चष्मा वर करून बघायच्या. शेवटी त्या म्हणाल्या, “बाबा, एक करा. दुपारी तुम्ही दोघं खेळता ना, तेव्हाचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर करून आणा. आणि पुढच्या वेळी आईंनाही घेऊन या. दोघंही पाहिजेत मला.” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. धोट्याला ओठ वाचता येत तसे चेहरेही येत. बटण तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांची होती.

रेकॉर्डिंगच्या दुपारी त्यानं जीव तोडून खेळ केला. टेबलावर मोबाइल ठेवला, लाल ठिपका लागल्याचं दोनदा तपासलं. बटण रंगात होती. त्या अर्ध्या तासात तिनं अठरा शब्द म्हटले, त्यांत दोन नवे. त्यानं वहीत छत्तीस आणि सदतीस लिहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आता बाईंना कळेल, बायकोलाही कळेल. पुरावा तो पुरावा.

मंगळवारी बायकोनं रजा टाकली. केंद्राची खोली छोटी होती. खाली रबरी चटई, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात ठोकळ्यांची टोपली. बटण चटईवर ठोकळे लावत बसली. बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

धोट्या खुर्चीच्या कडेला बसून दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत होता. आता पहिला ‘चेंडू’ येईल. पडद्यावर सेकंद पळत होते. बायको टेबलावर झुकली. बाईंनी मोबाइल उचलून कानाशी नेला, परत ठेवला. दोन मिनिटं झाली. पाच झाली. हसू कोणाच्याच चेहऱ्यावर येईना. त्याला वाटलं मशीनमध्ये काही बिघाड आहे. “लागलंय ना?” त्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली, लागलंय.

“मग ऐका ना, इथंच कुठंतरी आहे. ती दाराकडे गेली आणि म्हणाली, दार. मी म्हटलं, कुठाय दार? मग ती परत म्हणाली.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. असं तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ती हळूहळू बोलली आणि त्यानं प्रत्येक शब्द वाचला. “अहो, ह्यात काहीच नाहीये. ठोकळे पडताहेत. खुर्ची सरकतेय. ती एकदा हसली. बोलत कोणी नाहीये.” आणि मग ती म्हणाली, “तुम्हीसुद्धा.”

त्याला कळलं नाही. तो काय सांगतेस म्हणाला. मी अर्धा तास बोलतोय तिच्याशी, घसा दुखला माझा, म्हणाला. बाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्या म्हणाल्या, “बाबा, जरा चटईवर बटणपाशी जाऊन बसा. आरशाकडे नाही, खिडकीकडे तोंड करून. तिला मांडीत घ्या. नुसतं खेळा.”

तो बसला. बटण मांडीत आली, त्यानं तिला ठोकळ्यावर ठोकळा ठेवून दिला. खिडकीबाहेर एक माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता. तीन ठोकळे झाले, चार झाले. मागं काही चालू असेल असं त्याला वाटलं नाही. पाचवा ठोकळा ठेवताना मनोरा कोसळला आणि बटण टाळ्या पिटू लागली, म्हणून तो हसत दोघींकडे वळला.

बायको भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर दोन्ही हात दाबलेले. बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात एक लाकडी खुळखुळा होता.

“आईंनी तुम्हाला तीनदा हाक मारली,” बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसत म्हणाल्या. आता त्या अगदी सावकाश, ओठ मोठे करून बोलत होत्या, शेडमध्ये बोलतात तशा. “तीनही वेळा मोठ्यानं. नंतर मी हा वाजवला. तुम्ही वळला नाहीत. आणि मांडीतली तीही वळली नाही.”

सोळा वर्षांत जे लपवलं ते असं भर दुपारी चटईवर सांडलं होतं, आणि धोट्याला त्याची लाजही वाटेना. लाज वाटायला जागाच उरली नव्हती. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: दुपारी तीन, पाणी, पहिली ओळ. तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही असं तो दहा महिने समजत होता. पोचायला आवाज निघालाच नव्हता.

बाई बोलत राहिल्या आणि तो वाचत राहिला. कानाच्या पडद्यामागं पाणी असणार, बहुधा बायकोनं सांगितलेल्या त्या सर्दी-तापाच्या हिवाळ्यापासूनच. आणखीही काही असेल, ते तपासून नक्की सांगता येईल. पाणी काढता येतं, नाहीतर कानाला यंत्र लावता येतं. ऐकू येईल, बरंचसं. “पण या मुलांचं आधीच उशिरा असतं, बाबा. त्यात हे दीड वर्ष. कानावर शब्द पडायची जी वर्षं असतात त्यांतलं दीड वर्ष. ते किती भरून निघेल हे मी आज सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.” मग त्यांनी वही उचलली. “आणि हे सदतीस शब्द खोटे नाहीत. तिनं ते शिकून घेतलेत. तुम्ही जसे दाखवलेत तसेच उचललेत, ओठ जसेच्या तसे. अशी नक्कल मी कोणत्याच मुलात पाहिली नाही. फक्त तिला कोणी सांगितलंच नाही की त्यात आवाजही घालायचा असतो.”

“मी सांगत होतो,” धोट्या म्हणाला.

“नाही,” बायको म्हणाली. ती आता त्याच्याजवळ येऊन बसली होती. रागावली होती, आणि रडतही होती. “माझ्याशी बोलताना आवाज काढता, कारण नाही काढला तर मी ‘काय?’ म्हणते. तिनं तुम्हाला कधी ‘काय?’ म्हटलं? ती कशी म्हणणार?” मग तिनं त्याचा दंड धरून हलवला. “मला सांगायचं होतं हो. मला तरी सांगायचं होतं. मी समजत होते, तिला मीच नकोशी आहे.”

बाईंनी नवा फॉर्म काढला, कानाच्या विभागाचा, आणि या वेळी तो त्याच्या हातात न देता स्वतःच भरायला घेतला. जन्मतारीख. गुणसूत्रांचा अहवाल. सर्दी-तापाचा इतिहास. एकेक प्रश्न त्या त्याच्याकडे तोंड करून विचारत होत्या आणि बायको उत्तरं देत होती. मग त्या एका ओळीवर थांबल्या. ती ओळ त्यांनी बायकोला विचारली नाही.

“घरात आणखी कोणाला कमी ऐकू येतं?”

बटण त्याच्या मांडीत उभी राहिली होती, एक हात त्याच्या खांद्यावर, नजर नेहमीसारखी त्याच्या तोंडावर खिळलेली. धोट्यानं घसा खाकरला. आवाज निघावा म्हणून त्यानं छातीवर हात दाबून धरला, आणि जितक्या मोठ्यानं म्हणता येईल तितक्या मोठ्यानं म्हणाला, “मला.”

बाईंनी लिहून घेतलं. बटणनं त्याच्या ओठांकडे पाहिलं, आपले ओठ मिटले, उघडले, जीभ वर लावली आणि तोच शब्द म्हटला. धोट्यानं लगेच बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ऐकू आला का म्हणून. तिनं नाही म्हणून मान हलवली.